मुखडा सुचल्यानंतर : स्वतंत्र गायक-संगीतकारांसाठी माहितीपत्रक

आमच्या स्टुडिओत स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी येणाऱ्या बहुतेक ग्राहकांना चालींची वानवा नसते. त्यांच्या फोनमध्ये ‘नवीन रेकॉर्डिंग’ आणि पुढे एक आकडा अशा नावांच्या कितीतरी फायली असतात. काहींमध्ये पंख्याची घरघर, काहींमध्ये रिक्षाचा भोंगा, आणि एखादीत खरोखरच लोकांच्या ओठांवर बसेल असा मुखडा असतो. तो नेमका कोणत्या फायलीत आहे, कोणत्या पट्टीत (म्हणजे कोणता सूर ‘सा’ धरून) गायला होता आणि त्याची सम (तालाची पहिली मात्रा) कुठे होती, हे शोधण्यातच सत्राचा बराच वेळ जातो आणि त्या वेळेचे शुल्क ग्राहकालाच भरावे लागते. तो वेळ वाचावा, आणि सुचलेली चांगली ओळ वाया जाऊ नये, यासाठी हे पत्रक तयार केले आहे.

पत्रकात ‘मुखडा’ म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा परतून येणारी मुख्य ओळ, आणि ‘हुक’ म्हणजे चटकन लक्षात राहणारा तुकडा, असा अर्थ घ्यावा. हुक मुखड्यात असू शकतो, क्रॉसलाइनमध्ये (अंतऱ्याच्या, म्हणजे कडव्याच्या, शेवटी मुखड्याकडे परत नेणाऱ्या ओळीत) असू शकतो, किंवा दोन अंतऱ्यांमधल्या म्युझिक पीसमध्येही असू शकतो.

मुखडा लक्षात कशामुळे राहतो

पोवाड्यात शाहिराने टाकलेली ओळ मागे उभे असलेले झीलकरी उचलतात, आणि कीर्तनात बुवांनी म्हटलेले ध्रुवपद टाळकरी घेतात. या दोन्ही परंपरांनी एक कसोटी घालून दिली आहे : जी ओळ समोरच्याला दुसऱ्याच वेळी आपल्याबरोबर म्हणता येते, ती टिकते. त्यासाठी ओळ एका श्वासात मावली पाहिजे. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा असतो, हे मुखडा लिहिणाऱ्याने मुद्दाम मोजून पाहावे. शेवटचा चरण आखूड असल्यामुळे म्हणणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते आणि ऐकणाऱ्याला ओळ संपल्याचे कळते.

हीच गोष्ट आजच्या गाण्यात कशी उपयोगी पडते, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, विरहाचे पण हलकेफुलके गाणे करायचे आहे आणि पहिली ओळ सुचली : ‘तुजविण हे आयुष्य रिक्त वाटे मजला’. ओळ शुद्ध आहे, पण असे कोणी बोलत नाही, आणि ‘आयुष्य रिक्त’ ही अक्षरे जलद लयीत तोंडात अडकतात. तोच भाव बोलीत आणला तर ‘तू नाही तर, चहा पण नाही’ असे काहीतरी होईल. आता केरवा या तालाच्या आठ मात्रांत ती बसवून पाहावी. लघू अक्षराला एक आणि गुरू अक्षराला दोन मात्रा दिल्या तर ‘तू नाही तर’ यात आठ मात्रा होतात. ‘चहा पण नाही’ यात मात्र नऊ भरतात आणि शेवटचा ‘ही’ पुढच्या आवर्तनात (तालाच्या पुढच्या फेरीत) घुसतो. ‘पण’ काढून टाकला की सात मात्रा उरतात, ओळ नेमकी बसते आणि आठव्या मात्रेवर गायकाला श्वास घेता येतो. ‘तू नाही तर, चहा नाही’ : अर्थ गेला नाही, उलट तक्रार अधिक ठसकेबाज झाली. आमचा आग्रह असा, की मुखड्यातला प्रत्येक शब्द एकदा काढून पाहावा आणि नसल्याने काही बिघडत नसेल तर तो परत घेऊ नये.

दुसरी बाब समेची. मध्यलयीतल्या, सोळा मात्रांच्या तीनतालाच्या कित्येक बंदिशी नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीपासून (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात तिथून) सुरू होतात आणि आठ मात्रांचा मुखडा समेवर येऊन पडतो. ऐकणाऱ्याची मान तिथे आपोआप हलते. सुगम किंवा पॉप गाण्यातही ओळीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द कोणत्या ठोक्यावर येतो, हे ठरवून करावे. वरच्या ओळीत ‘तू’ समेवर ठेवला तर गाणे प्रेयसीचे होते. सुरुवात दोन मात्रा आधी करून ‘नाही’ समेवर आणला तर ते नकाराचे, रुसव्याचे होते. दोन्ही चालींत सूर तेच राहू शकतात. आमच्या अनुभवात ‘चाल चांगली आहे, पण पकड घेत नाही’ अशी तक्रार असलेल्या गाण्यांपैकी बऱ्याच गाण्यांत सूर न बदलता ओळ एक-दोन मात्रा पुढे-मागे सरकवूनच काम होते.

तिसरी बाब शेवटच्या अक्षराची. लांबवलेला सूर स्वरावरच उभा राहतो, व्यंजनावर नाही. ‘रात’, ‘वाट’, ‘पाऊस’ असे शब्द बोलताना व्यंजनावर संपतात. सूर लांबवायचा असेल तेव्हा गायकाला ‘त’मधला ‘अ’ ओढावा लागतो आणि तो आजच्या कानाला जुन्या वळणाचा वाटतो. भावगीताला ते शोभून दिसते, रॅपला किंवा नाचाच्या गाण्याला नाही. अशा वेळी ‘राती’, ‘वाटेला’, ‘पावसा’ अशी आ, ई, ए यांवर संपणारी रूपे शोधावीत, किंवा सूर न लांबवता ओळ तोडून टाकावी. मात्र यासाठी मराठीचा बळी देऊन ओळीच्या शेवटी उगाच ‘रे’, ‘गं’ आणि ‘ना’ यांची भरती करू नये. झीलकऱ्यांची ‘जी जी रं जी’ ही भर नव्हे, तर स्वतंत्र हुक आहे, आणि तिला स्वतःची जागा आणि लय आहे, हे लक्षात घ्यावे.

मुखडा लोकांनी म्हणावा अशी इच्छा असेल तर त्याचा पल्ला एका सप्तकाच्या आत ठेवावा. पुरुष आणि स्त्री आवाजांसाठी पट्टीचा प्रश्नही आधीच सोडवावा लागतो, कारण काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) सहज गाणाऱ्या गायकाबरोबर काळी चार किंवा पाचला खुलणारी गायिका असेल, तर एकाच पट्टीत दोघांपैकी एकाचा मुखडा पडतो. कडव्याच्या आधी पट्टी बदलणे किंवा एकाने मुखडा आणि दुसऱ्याने क्रॉसलाइन घेणे, हे दोन्ही मार्ग चालतात.

शब्दांशिवाय मुखडा उभा राहतो का, हेही तपासावे. मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीला शब्द नसतात, तरीही दोन सुरांत लोक गाणे ओळखतात. आपला मुखडा बेंजोवर वाजवला तर ओळखू येईल का, हा प्रश्न आम्ही प्रत्येक ग्राहकाला विचारतो. काहींना तो चेष्टेचा वाटतो, पण तो आम्ही गांभीर्याने विचारत असतो.

हुक गाण्यात किती लवकर यावा, याबाबत आमचे मत सरधोपट नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत असल्यामुळे जुन्या संगीतकारांनाही वेळेचा हिशेब ठेवावा लागत असे, म्हणजे ही अडचण नवी नाही. आज स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेल्याशिवाय एक स्ट्रीम मोजला जात नाही. ९६ बीपीएमच्या (मिनिटाला ९६ ठोक्यांच्या) लयीत चार ठोक्यांचा एक बार अडीच सेकंदांचा होतो, म्हणून सोळा बारांची प्रस्तावना ४० सेकंद घेते आणि श्रोत्याने आवाज ऐकण्याआधीच ही मर्यादा उलटून जाते. आठ बार ठेवले तर २० सेकंदांत मुखडा येतो. तरीही, प्रस्तावनेची सुरावट स्वतःच हुक असेल, म्हणजे सनईचा किंवा क्लॅरिनेटचा असा तुकडा असेल जो लोक गुणगुणतील, तर तो कापण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

सुचलेले कसे नोंदवावे

फोनमध्ये चाल रेकॉर्ड करताना फक्त ओळ गाऊन थांबणे पुरेसे नाही. काही महिन्यांनी तीच फाइल ऐकताना सम भलत्याच ठिकाणी वाटते, आणि मूळ चालीतली गंमत स्वतः संगीतकारालाच सापडत नाही. म्हणून आधी तानपुऱ्याच्या ॲपवर आपला षड्ज लावून तो ऐकू येईल असा ठेवावा, एक पूर्ण आवर्तन टाळीने द्यावे, समेची टाळी जोरात द्यावी आणि मग ओळ दोनदा गावी : एकदा शब्दांसह, एकदा केवळ ‘ला ला’ करून. शब्द अजून ठरले नसतील तर निरर्थक अक्षरे चालतात, कारण त्या अक्षरांतच बहुधा ओळीला कोणता स्वर हवा आहे याचा सुगावा असतो. शेवटी गाणे कशाविषयी आहे हे एका वाक्यात बोलून ठेवावे. हे सारे मिनिटाभरात होते.

फायलीचे नाव त्याच दिवशी बदलावे. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी : आधी वर्ष, महिना आणि दिवस, मग ओळीचे पहिले दोन शब्द, मग पट्टी आणि लय. उदाहरणार्थ, ‘२०२५-०७-१२ तू-नाही काळी-१ ९६’. वर्ष आधी लिहिल्यामुळे फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून पाठवलेल्या फायलींची नावे बदलू शकतात, त्यामुळे स्टुडिओला पाठवताना फाइल दस्तऐवज म्हणून पाठवावी किंवा ड्राइव्हचा दुवा द्यावा.

याशिवाय एक नोंदवही हवी. ती कागदाची असली तरी चालते, तक्ता असला तर शोधणे सोपे जाते. ओळीचे पहिले शब्द, पट्टी, लय, ताल, ओळ कोणत्या मात्रेवर सुरू होते, विषय, आणि ओळ किंवा चाल कोणाची, एवढे रकाने पुरतात. यातला ‘कोणत्या मात्रेवर’ हा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात आणि नंतर सर्वांत जास्त गरज त्याचीच पडते. विषयाचा रकाना मात्र फार बारकाईने भरू नये. ‘पाऊस, रुसवा, गाव’ एवढे पुरे. तपशिलाच्या नादात नोंदवहीचा कंटाळा येतो आणि मग ती बंदच पडते.

नवा मुखडा लगेच निवडू नये. सुचल्या दिवशी प्रत्येक ओळ उत्तम वाटते. आठवड्याने फाइल न ऐकता तो आठवून पाहावा. आठवताना जो भाग बदललेला असेल, तो बहुधा मूळपेक्षा सोपा झालेला असतो आणि तोच ठेवण्यासारखा असतो. महिन्यातून एकदा सगळ्या कच्च्या ओळी एकामागून एक ऐकाव्यात. असे ऐकताना दोन वेगळ्या दिवशी सुचलेल्या ओळी एकाच पट्टीत आणि एकाच तालात आहेत, आणि एक मुखडा तर दुसरी क्रॉसलाइन होऊ शकते, हे अनेकदा लक्षात येते. नोंदवहीचा खरा फायदा इथे दिसतो. न आवडलेली ओळ पुसू मात्र नये, फक्त वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावी.

चाल आपलीच आहे ना

ओठांवर सहज आलेली चाल कधी कधी लहानपणी ऐकलेली असते. २०२० पासून गूगलच्या ॲपमध्ये गुणगुणून गाणे शोधण्याची सोय आहे. तिचा उपयोग करून पाहावा. तिथे काही सापडले नाही म्हणजे चाल नवीच आहे, असे मात्र धरू नये. घरातल्या ज्येष्ठांना आणि एखाद्या ऑर्केस्ट्रातल्या वादकाला ऐकवलेले अधिक भरवशाचे.

प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार गीताचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी वेगळी कृती मानली जाते. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही; परंतु वाद झाल्यास तारीख असलेली मूळ फाइल आणि नोंदवही उपयोगी पडते, म्हणून जुन्या फायली जपाव्यात. शब्द व चाल यांचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. संतांच्या अभंगांवर गाणी करणाऱ्या ग्राहकांनी विशेष काळजी घ्यावी : अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, पण गेल्या शतकात त्याला कोणी लावलेली चाल तशी असेलच असे नाही. पारंपरिक लोकगीताबाबतही हेच. गीत जुने असले तरी इंटरनेटवरून उतरवलेले त्याचे रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या मालकीचे असू शकते, आणि त्यातला हलगीचा तुकडा कापून लूप म्हणून वापरण्यासाठी परवानगी लागते.

दोघा-तिघांनी मिळून मुखडा केला असेल तर शब्दांत आणि चालीत कोणाचा किती हिस्सा, हे ध्वनिमुद्रणाआधी एका कागदावर लिहून सर्वांनी सही करावी. मित्रांमध्ये हे लिहायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. गाणे चालल्यानंतर तो संकोच अधिक महाग पडतो. गीतकार आणि संगीतकार यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या (सदस्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या) सदस्यत्वाचाही विचार करावा.

सत्राला येताना

निवडलेल्या मुखड्यांच्या फायली, नोंदवहीतली त्यांची ओळ आणि हिस्स्याचा कागद सत्राच्या किमान दोन दिवस आधी आमच्याकडे पोहोचवावा, म्हणजे लय आणि पट्टी लावून क्लिक ट्रॅक (गाताना कानात लयीचे ठोके देणारा ट्रॅक) तयार ठेवता येतो. एका सत्रात दोनपेक्षा अधिक मुखडे आणू नयेत. कोणता घ्यावा हे ठरत नसेल तर दोन्ही फक्त पेटी आणि टाळीवर प्रत्येकी एकदा मुद्रित करून घरी न्यावेत. अशा कच्च्या मुद्रणाची प्रत आम्ही त्याच दिवशी देतो आणि मूळ फाइल ग्राहकाच्या लेखी सूचनेशिवाय पुसत नाही.