बायबलमधील फळझाडे : प्रतीकार्थ

ख्रिस्ती धर्मग्रंथात अंजीर, द्राक्षवेल, जैतून, डाळिंब, खजूर आणि उंबराच्या जातीचे सिकमोर ही झाडे वारंवार येतात. माणसाचे आचरण, देवाशी असलेले नाते, न्याय आणि क्षमा या गोष्टी त्यांच्या आडून बोलल्या जातात. ही प्रतीके बागेतल्या कामावर उभी आहेत : आळे करणे, खत घालणे, छाटणी, कलम, बहराची वाट पाहणे. ज्याने एखादे झाड लावून वाढवले आहे त्याला ती लवकर उमगतात. इंदूरच्या मराठी वाचकाची अडचण निराळी असते. यांतली काही झाडे त्याने पाहिलेलीच नसतात, आणि काहींना आपल्याकडचे अर्थ आधीच चिकटलेले असतात.

उत्पत्तीच्या पुस्तकात एदेन बागेतली दोन झाडे वेगळी काढली आहेत : जीवनाचे झाड आणि बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचे झाड. निषिद्ध फळ कोणते, हे मजकुरात कुठेही नाही. सफरचंद युरोपीय चित्रांतून रूढ झाले. ज्यू परंपरेत अंजीर, द्राक्ष आणि चक्क गहू अशीही मते आहेत. मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर अंजीर रंगवले, आणि त्याला आधारही आहे, कारण फळ खाल्ल्यानंतर आदाम-हव्वेने अंग झाकायला शिवली ती अंजिराचीच पाने. जीवनाचे झाड ग्रंथाच्या अखेरीस, प्रकटीकरणाच्या २२व्या अध्यायात, पुन्हा भेटते. तिथे ते नदीकाठी उभे आहे, दर महिन्याला फळते आणि त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत.

नियमशास्त्रात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, फळझाडाला जवळपास हक्कच दिले आहेत. लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायाप्रमाणे नव्या झाडाचे फळ पहिली तीन वर्षे खायचे नाही, चौथ्या वर्षीचे देवाला अर्पण करायचे आणि पाचव्या वर्षापासून घरात आणायचे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात तर नगराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवायची नाही, अशी सैन्याला ताकीद आहे. वेढ्याच्या कामासाठी बिनफळाची झाडे तोडावीत, शत्रूच्या मुलखातलीसुद्धा फळझाडे राखावीत.

शास्ते ९ मधली योथामाची गोष्ट या सगळ्यांत खट्याळ. झाडे राजा निवडायला निघतात. जैतून तेल सोडायला तयार नाही, अंजीर गोडी सोडायला नाही, द्राक्षवेल द्राक्षारस सोडायला नाही. शेवटी काटेरी झुडूप मात्र लगेच होकार देते आणि सगळ्यांना म्हणते, माझ्या सावलीत या! अबीमलेखाने भाऊबंदांना मारून मिळवलेल्या गादीवर हा टोला आहे. इतर कुठल्या गादीला तो लागू पडतो हे वाचकाने ठरवावे.

सर्वांत जास्त अर्थ अंजिराने वाहिले आहेत. इंदूरकरांच्या ओळखीचे अंजीर म्हणजे सियागंजातल्या दुकानांतली दोऱ्यात ओवलेली, चपटी, सुकी फळांची माळ. बायबलमध्येही सुके अंजीर आहे : अबीगईल दावीदाकडे अंजिराच्या दोनशे ढेपा पाठवते, आणि हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधतात. पण प्रतीक म्हणून येते ते उभे झाड. मीखा ४ मध्ये प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीखाली व अंजिराखाली निर्धास्त बसतो. शांततेचे याहून नेमके चित्र या ग्रंथात क्वचितच सापडेल. यिर्मया २४ मध्ये चांगल्या आणि नासक्या अंजिरांच्या दोन टोपल्या आहेत. लूक १३ मधल्या येशूच्या दृष्टांतात मालक तीन वर्षे फळ शोधत येतो आणि झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, एवढे वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. पुढच्या वर्षी फळ आले की नाही, ते येशू सांगतच नाही.

याच्या उलट मार्क ११ मध्ये येशू भुकेला असताना पानांनी डवरलेल्या अंजिराशी जातो, फळ मिळत नाही म्हणून झाडाला शाप देतो, आणि दुसऱ्या सकाळी ते मुळापासून वाळलेले दिसते. ‘अंजिराचा हंगाम नव्हता’ असे मार्क स्वतःच लिहितो, म्हणून ही कथा वाचकाला टोचते. त्या प्रदेशात अंजिराला दोन बहर येतात : जुन्या फांद्यांवरचा उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिकतो, नव्या फांद्यांवरचा ऑगस्टपासून. पहिल्या बहराच्या हिरव्या गाठी पानांबरोबरच धरतात. तेव्हा भरगच्च पाने आणि एकही गाठ नाही, हा नुसता देखावा ठरतो. मार्कने या कथेचे दोन तुकडे करून मधे येशूने यरुशलेमच्या मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हुसकण्याचा प्रसंग बसवला आहे. शापाचा रोख झाडाकडे नसून मंदिराकडे आहे, असे वाचणे त्यामुळे अधिक पटते.

जैतुनावर प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा ११वा अध्याय बेतला आहे. आंब्याचे कलम बांधणाऱ्याला ठाऊक असते की खुंट रायवळ आणि डोळकाडी चांगल्या जातीची. पौल उलटे करतो : रानजैतुनाच्या फांद्या लागवडीच्या जैतुनावर. यहूदी नसलेले लोक देवाच्या जुन्या मुळावर जोडले गेले, असा त्याचा अर्थ. हे निसर्गाविरुद्ध आहे, हेही तोच सांगतो. येशू द्राक्षवेल आणि शिष्य फाटे, हे योहान १५ मधले रूपक त्यामानाने सरळ आहे.

सिकमोर उंबराचा सख्खा भाऊ, अंजिरासारखाच फायकस वंशातला. कृष्णपुऱ्याच्या दत्तमंदिरात जाणाऱ्या मराठी माणसासाठी उंबर म्हणजे दत्ताचे स्थान. त्याला कुऱ्हाड लावायची नाही. बायबलमध्ये मात्र हे गरिबाचे, विपुल झाड आहे. शलमोनाच्या राज्यात गंधसरू सिकमोरांइतके झाले, असे सुबत्तेचे वर्णन येते. आमोस संदेष्टा आपण या झाडांची निगा राखणारा साधा माणूस असल्याचे सांगतो. हे फळ लवकर पिकावे म्हणून त्याला चाकूने चीर देत असत. जकातदार जक्कय यरीहोत येशूला पाहायला चढतो तेही याच झाडावर.

डाळिंबे याजकाच्या झग्याच्या घेरावर सोन्याच्या घुंगरांबरोबर आलटून पालटून येतात; तिथे ती अलंकारच अधिक आहेत. खजूर स्तोत्र ९२ मध्ये नीतिमान माणसाची खूण आहे, आणि योहान १२ मध्ये लोक त्याच्या झावळ्या घेऊन येशूला सामोरे जातात. माळव्यात ओढ्याकाठी उगवणारी शिंदी खजुराच्याच वंशातली, त्यामुळे या प्रसंगाच्या आठवणीच्या झावळ्यांच्या रविवारी इंदुरात तिच्यावर काम भागते. उत्तर युरोपात खजूर नसल्याने लोकांनी विलो किंवा यू या झाडांच्या फांद्या घेतल्या.