इअरफोनचा आलेख कोणाच्या कानावर काढलाय?

लातूर-संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये सकाळी बसलेली पोरं रात्रीच उठतात आणि त्यातला बराच वेळ त्यांच्या कानात काही ना काही असतं. कधी लेक्चर, कधी गाणी, कधी नुसतंच, शेजारच्याची कुजबुज ऐकू येऊ नये म्हणून. ब्लूटूथच्या लाटेनंतर वायरवाले आयईएम (इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या नळीत घट्ट बसणारे इअरफोन) या कानांत पुन्हा दिसू लागलेत. दीड-दोन हजारांत चांगले मिळतात, नोकरीला लागलेली मंडळी तीस-चाळीस हजारांपर्यंत जातात आणि लाखाच्या पुढचेही आहेत. किंमत कितीही असो, मराठवाड्यात घेणाऱ्याची गत एकच. कानात घालून बघू देणारं दुकान सापडणं मुश्कील, ऑनलाइन मागवावं लागतं, आणि एकदा पाकीट फोडलं की स्वच्छतेचं कारण सांगून बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. मग निर्णय होतो दुसऱ्या कुणीतरी काढलेला आलेख बघून. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत इअरफोन कुठे किती आवाज देतो, ते हा आलेख दाखवतो. हा आलेख ज्या कानावर काढतात तो धातूचा असतो. त्याला घाम येत नाही आणि तो दुखतही नाही.

कानाच्या नळीत थेट आवाज सोडण्याचं तंत्र कर्णयंत्रांतून आलं. आज महागड्या आयईएममध्ये आठ-आठ, दहा-दहा बसवतात ते बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे इवले भाग, मुळात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बारीक केलेले. मोजमापाची पद्धतही तिकडचीच. १९४०च्या दशकात कर्णयंत्रं तपासायला दोन घनसेंटिमीटरची एक साधी पोकळी वापरत. दोन यंत्रांची तुलना करायला ती पुरेशी होती. हा माणसाचा कान आहे, असं कुणी म्हणत नव्हतं. १९७०च्या दशकात खऱ्या कानांची मोजमापं घेऊन जास्त गुंतागुंतीची पोकळी तयार झाली, तिच्याभोवती डोकं-धड असलेला पुतळा आला आणि १९८१ मध्ये या पोकळीचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. त्याचा क्रमांक ७११. पुढे २०१० मध्ये क्रमांक बदलला, पण हौशी मंडळी अजून ‘७११ कपलर’च म्हणतात.

या कपलरबद्दल एक गोष्ट मानकातच लिहिलेली आहे आणि तरीही ती कुणी लक्षात घेत नाही. तो माणसाच्या कानासारखा वागतो, असा दावा साधारण १०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यासाठी आहे. त्याखाली आणि त्यावर तो आकडे देतो, पण ते आकडे म्हणजे कान नव्हे. आणि आयईएमवरची भांडणं बघा. ‘सब-बेस’, म्हणजे अगदी खालचा बेस, १०० हर्ट्झच्या खाली; ‘एअर’, म्हणजे अगदी वरचा मोकळेपणा, १० किलोहर्ट्झच्या वर. अर्धं भांडण मानकाच्या हद्दीबाहेर चालतं.

वॉकमन १९७९ चा आणि कानाच्या वाटीत ठेवायची बटणं १९८२ ची. त्या काळाबद्दल इथं फार सांगण्यासारखं नाही, कारण ती बटणं कान बंद करत नव्हती. खरी सुरुवात १९९१ मध्ये झाली. श्रवणतपासणीसाठी कानात घालायचे इअरफोन बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने त्याच ज्ञानावर संगीतासाठी ईआर-४ काढला. त्यात एकच आर्मेचर ड्रायव्हर होता, तीन चकत्यांची रबरी टिप होती आणि ती नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पलीकडे जाईल इतकी खोल घालायची होती. नळीचा आतला भाग हाडाचा असतो आणि त्यावरची कातडी फार पातळ. टिप तिथं टेकली की दोन गोष्टी होतात. बाहेरचा आवाज ३० डेसिबलहून जास्त कमी होतो आणि आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटतो ते जवळजवळ बंद होतं. तिसरी गोष्ट मात्र त्रासाची. कित्येकांना ते सहन होत नाही, काहींना तर खोकला येतो, कारण नळीच्या कातडीत व्हेगस या मज्जातंतूची एक शाखा आहे. तेव्हापासून या इअरफोनची परीक्षणं एकाच सुरात होत आलीत. आवाजाला पैकीच्या पैकी, आरामाला काठावर पास. हे दोन वेगळे गुण आहेत असं सगळ्यांनी तेव्हाच गृहीत धरलं, आणि माझ्या मते गाडी तिथेच रुळावरून घसरली.

कारण आयईएममध्ये ते वेगळे करताच येत नाहीत. टिप आणि कानाचा पडदा यांच्यात उरलेल्या नळीची लांबी आलेखातलं एक शिखर, म्हणजे आवाज जिथं उसळतो ती जागा, ठरवते. साधारण २१ मिलिमीटर उरले तर ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास येतं, १५ उरले तर ११ च्या पुढे जातं. दुखतं म्हणून टिप तीन-चार मिलिमीटर बाहेर ओढली की झांजेचा आवाज बदलतो. बाजूला केसाएवढी फट राहिली की खालचा बेस गळून पडतो. म्हणजे ‘बेस नाही’ अशी तक्रार करणाऱ्या दहा जणांतल्या कितींची टिप लहान आहे, हे आलेख सांगू शकत नाही. ७११ वर मोजताना हौशी लोक इअरफोन असा बसवतात की शिखर ८ किलोहर्ट्झवरच येईल. तुलनेसाठी ते ठीक आहे. पण विकत घेणाऱ्याला वाटतं, शिखर इअरफोनचं आहे, मोजताना बसवलेल्या खोलीचं नाही.

१९९० च्या मध्यावर रॉक बँडच्या ध्वनितंत्रज्ञांनी स्टेजसाठी कानाच्या साच्याचे, दोन ड्रायव्हरचे मॉनिटर केले. इथं निदान कलाकाराच्या कानाचं माप घेत होते. कापसाचा किंवा स्पंजचा ठोकळा आत सरकवून मागून सिलिकॉन भरायचं, आणि गायक असेल तर तोंड उघडं ठेवून साचा घ्यायचा, कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि सील सुटतं. जिल्ह्याच्या ठिकाणी कर्णयंत्राच्या दुकानात असा साचा आजही घेतात. तो संगीतासाठीही लागतो, हे कुणाच्या डोक्यात नसतं इतकंच.

आता मुख्य वादाकडे. आलेखावर एक तुटक रेषा असते, ‘टार्गेट’. इअरफोन तिच्याजवळ असेल तर चांगला, लांब असेल तर वाईट. ही रेषा आली कुठून?

आधीची रेषा भौतिकशास्त्रातून आली होती. चहूबाजूंनी सारखा आवाज येणाऱ्या खोलीत पुतळा ठेवायचा आणि पडद्याजवळ काय पोचतं ते मोजायचं. कानाच्या रचनेमुळे ३ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा मिळतो, खालचा भाग सपाट राहतो. याला ‘डिफ्यूज फील्ड’ म्हणतात. १९८० च्या दशकात याचा पुरस्कार झाला, १९९० मध्ये स्टुडिओ हेडफोनसाठी तशी शिफारसही आली, आणि ईआर-४ साधारण याच वाटेने गेला. अडचण एवढीच की गाणी मिक्स होतात साध्या खोलीत, स्पीकरवर. साध्या खोलीत चांगल्या स्पीकरचाही बेस उचलला जातो. त्यामुळे सपाट रेषेवरचा इअरफोन बहुतेकांना पातळ वाटतो.

मग २०१० च्या दशकात स्पीकर-हेडफोन बनवणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन समूहाच्या संशोधकांनी प्रश्नच बदलला. पडद्यावर काय पोचायला हवं हे विचारण्याऐवजी लोकांना काय आवडतं ते विचारलं. आधी कानावरच्या हेडफोनसाठी, मग २०१६ मध्ये इन-इअरच्या बेससाठी, आणि २०१७ मध्ये मोठा प्रयोग केला. ३० मॉडेल, ७१ श्रोते, काही प्रशिक्षित, काही नाही. पण या ७१ जणांनी ३० इअरफोन कानात घातले नाहीत. सगळ्यांच्या कानात एकच इअरफोन होता आणि त्यावर बाकीच्यांचा आवाज इक्वलायझरने उभा केला होता. ब्रँड, किंमत, दिसणं यांचा परिणाम होऊ नये म्हणून. प्रयोग म्हणून हे चोख आहे. पण त्याच झटक्यात कवचाचा आकार, टिप, वजन, दाब हे सगळं मुद्दामच बाहेर ठेवलं गेलं.

निघालेल्या रेषेत कानावरच्या हेडफोनपेक्षाही जास्त बेस होता. २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. याच सुमारास ७११ च्या चिनी नकला अस्सल यंत्राच्या किमतीच्या अगदी छोट्या अंशात मिळू लागल्या आणि हौशी लोक घरबसल्या शेकडो इअरफोन मोजू लागले. चिनी कंपन्यांनी रेषा समोर ठेवून स्वस्त मॉडेलं ट्यून केली. दीड हजारात सुसंस्कृत आवाज मिळू लागला तो यामुळे, हे मान्यच करायला हवं. त्याआधी परीक्षण म्हणजे ‘मखमली’, ‘कुरकुरीत’, ‘मोकळा’ अशी विशेषणं असायची. रेषेने निदान भांडायला काहीतरी ठोस दिलं.

तरी ‘बहुतेकांना आवडतं’ याचं पुढं ‘बरोबर आहे’ कधी झालं, ते कुणी ठरवलेलं दिसत नाही. आवड ज्यांची मोजली त्यांची गाणी, त्यांच्या खोल्या, त्यांची सवय आपली नाही. आपल्याकडे बेसची सवय एकतर वरातीतल्या डीजेच्या भिंतींनी लावलेली किंवा हरिनाम सप्ताहातल्या पखवाजाने. दोन्हींची अपेक्षा उलटी आहे. पखवाजाच्या धुमेला ओली कणीक लावतात. पहिली थाप आणि मागून येणारा घुमारा यांत थोडं अंतर असतं. बेस जास्त उचलला की घुमारा पुढच्या थापेवर चढतो आणि कीर्तनकाराच्या आवाजाचा खालचा भागही झाकतो. बेस सपाट ठेवला तर हात ऐकू येतो, कणीक ऐकू येत नाही. संबळाचंही तेच, तुळजापूरचा गोंधळ रेकॉर्डिंगवर ऐकताना मोठ्या संबळाचा गोलवा टिकून काडीची किनार वेगळी लागली पाहिजे. माझ्या कानाला त्या रेषेच्या बेसपैकी अर्धाच पुरतो. नांदेड-लातूर एसटीत मात्र तोच पूर्ण लागतो, कारण इंजिनाची घरघर नेमका खालचाच पट्टा खाते. एकच माणूस, एकच इअरफोन, दोन उत्तरं.

आरामाचं पुढं काय झालं? बिघडलं, असंच म्हणावं लागेल. ड्रायव्हरची संख्या वाढली तशी कवचं फुगली. इअरफोनचं तोंड, म्हणजे टिप बसते ते नॉझल, ६ मिलिमीटरच्या पुढे गेलं. लहान कानाच्या माणसाला, विशेषतः मुलींना, ही मॉडेलं कानाच्या वाटीत बसतच नाहीत. वरच्या खोबणीत टोचतात, आणि टोचायला लागतात तासाभराने. परीक्षण करणाऱ्याने पंधरा मिनिटांत ‘फिट उत्तम’ लिहून टाकलेलं असतं. दुसरा त्रास दाबाचा. कान हवाबंद झाला की पडद्यावर ताण येतो, घालताना ड्रायव्हर ‘टक्’ करतो. त्यासाठी कवचाला बारीक छिद्रं ठेवतात, काहींनी २०१० च्या दशकात दाब सोडणारे पडदेही बसवले. छिद्र ठेवलं की बाहेरचा आवाज थोडा आत येतो. फुकट काहीच नाही. आणि मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकतो तेव्हा सिलिकॉनची टिप घामाने सरकते. परीक्षणात घामाचा रकाना अजून कुणी आखलेला नाही.

फोमची टिप हा जुनाच उपाय आहे. वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. यंत्राचा आवाज अडवायचं फोमचं बूच बोटात वळून बारीक करायचं, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत घालायचं आणि ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचं. आयईएमची फोम टिप नेमकी अशीच घालतात, पण डब्यातल्या कागदावर हे नीट लिहिलेलं क्वचितच असतं. फोमने वरचा आवाज थोडा मऊ होतो, पण सील टिकतं. सील टिकलं की आवाज वाढवावा लागत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ऐकणं ही मर्यादा आहे, लहान मुलांसाठी ७५. अभ्यासिकेतली पोरं तासांची मर्यादा सहज ओलांडतात. आवाज कमी ठेवणं एवढंच हातात उरतं.

२०१० चं दशक संपता-संपता नवं मोजमापाचं डोकं आलं. त्यातली नळी माणसांच्या एमआरआयवरून घडवलेली, वळणांसकट, आणि ती २० किलोहर्ट्झपर्यंत मोजते. त्याच इअरफोनचा बेस आणि मिड्स, म्हणजे मधला पट्टा, तिच्यावर ७११ पेक्षा वेगळे दिसतात. त्यामुळे जुन्या रेषेवर ‘परफेक्ट’ ठरलेली काही मॉडेलं नव्यावर तशी राहिली नाहीत. काही परीक्षक आता एका रेषेऐवजी पट्टा दाखवतात आणि त्यात बेस-ट्रेबल आपल्या आवडीने कमी-जास्त करायला सांगतात. टिप माणसाच्या कानात जाते तशीच त्या डोक्यात जात असल्याने खोलीचा फरकही काही अंशी आलेखात उतरतो. पण हे डोकं हौशी माणसाच्या आवाक्यातलं नाही. फिरत असलेले बहुतेक आलेख अजून ७११ वरचेच आहेत, आणि मोजताना कोणती टिप लावली होती ते त्याखाली क्वचितच लिहिलेलं असतं.