‘देशी’ रोप म्हणजे नेमकं कुठलं? थोडी पार्श्वभूमी

रायवळ आंबा, जांभूळ, भोकर, चारोळी यांची मुद्दाम रोपं करायची असतात हे आपल्याकडे फारसं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. बांधावर कोय पडायची, पाखरं बी टाकायची, झाड यायचं. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडे आंब्याची कलमं सुरू झाली, हापूस आला, आणि कोयीचं झाड हळूहळू दुय्यम ठरत गेलं.

वनमहोत्सव १९५० पासूनचा, पण गावोगावी सरकारी नर्सऱ्या दिसायला लागल्या त्या १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचं वेगळं खातं झाल्यावर. पिशव्यांत काय, तर सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया. पटकन वाढायचं, रिपोर्टला बरं दिसायचं. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली, शेतकऱ्याला तिचा खरंच आधार झाला, पण बागा उभ्या राहिल्या त्या बहुतेक ठरावीक जातींच्या कलमांच्या.

खरा घोळ ‘देशी’ या शब्दाचा आहे. नर्सरीवाल्याला देशी आंबा मागा, तो कलम न केलेलं रोप देतो. गिऱ्हाईक देशी पेरू म्हणतं तेव्हा त्याला गावठी, बारका, गोड पेरू हवा असतो, पण पेरू मुळात अमेरिकेतला, सीताफळ, पपई, चिकू, काजू सगळे तिकडचेच. चिंच आफ्रिकेतली, पण इतकी जुनी की तिला परकी म्हणायला जीभ वळत नाही. आणि रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, शंभर टक्के आपला, तरी मराठवाड्यातल्या माळावर तो स्थानिक नाही, त्याला कोकणचीच हवा लागते. माझं स्पष्ट मत, परसात सीताफळ खुशाल लावा, पण डोंगरावर किंवा देवराईच्या कडेला लावायचं रोप त्याच भागातल्या झाडाच्या बीचं पाहिजे, तिथे नुसतं देशी म्हणून भागत नाही.

२०१६ ला महाराष्ट्रात २ कोटी झाडं लावायची सरकारी मोहीम झाली, २०१९ ला टार्गेट ३३ कोटींवर गेलं, तेव्हा कुठे लोक आकड्यासोबत झाड कुठलं हेही विचारायला लागले. शाळांत पर्यावरण शिकवा असं सुप्रीम कोर्टाने १९९१ लाच सांगितलं होतं, पण बरीच वर्षं ते प्रोजेक्टच्या वहीतच राहिलं. आता बऱ्याच शाळांत पोरं स्वतः बी गोळा करतात. जांभळाचं बी वाळवून ठेवलं की मरतं, १०-१५ दिवसांत लावलं तर ठीक, म्हणून जूनमध्ये जांभळं खाल्ली की लगेच गर धुवून बी दुधाच्या पिशवीत, खाली दोन-तीन भोकं पाडून. एका बीतून कधी दोन-तीन कोंब येतात, ते बघायला पोरांची जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते. फक्त रोप पिशवीत फार दिवस राहिलं की सोटमूळ तळाशी गोल गुंडाळतं आणि पुढे झाड नीट धरत नाही, त्यामुळे वेळेत मोठ्या पिशवीत हलवायचं किंवा जागेवर लावून टाकायचं.

आम्ही पिशवीवरच्या चिठ्ठीत देशी लिहायचं सोडलंय. झाडाचं नाव, बी कुठल्या गावातल्या कुठल्या झाडाचं आणि लावल्याची तारीख, एवढं लिहितो.