सतराच्या आधीचं सतरा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्या लॅपटॉपवरचा पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर सुरूच होईना. आधी त्याच्या १७ व्या आवृत्तीचं बीटा २, म्हणजे चाचणीसाठीचं कच्चं रूप, टाकलं होतं, सरावासाठी त्यात डेटाही भरला होता. बीटा ३ चं पॅकेज आल्यावर मी ते तसंच वर चढवलं. लॉग उघडला तर तक्रार अशी, की डेटा वेगळ्याच कॅटलॉग क्रमांकाने तयार झालेला आहे आणि सर्व्हरला हवा आहे २०२४०६२८१.

हा क्रमांक नीट वाचला की गोष्ट उलगडते. पहिले आठ अंक म्हणजे तारीख, २८ जून २०२४. शेवटचा अंक म्हणजे त्या दिवसापुरता अनुक्रम. बीटा २ जाहीर झालं होतं २७ जूनला. म्हणजे दुसऱ्याच दिवशी आतली मांडणी बदलली होती.

कसली मांडणी? डेटाबेसमध्ये आपली माहिती टेबलांत असते हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण कुठलं टेबल कुठे आहे, त्यात रकाने किती, कुठल्या रकान्यात आकडे आणि कुठल्यात मजकूर, हेही कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. पोस्टग्रेस ते स्वतःच्याच खास टेबलांत लिहितं. त्यांना सिस्टिम कॅटलॉग म्हणतात. गोदामातला माल जागच्या जागी असला, तरी वहीतले रकाने बदलले तर नव्या कारकुनाच्या हाती भलतंच पोतं लागेल. म्हणून क्रमांक जुळला नाही तर सर्व्हर दारच उघडत नाही. त्या रात्री मी वैतागलो होतो, पण डेटा वाचवणारी वागणूक हीच.

पक्की आवृत्ती आली की ही वही गोठवली जाते. १७.१, १७.२ अशा पुढच्या दुरुस्त्या त्याच डेटावर बिनघोर चढतात. बीटाच्या काळात तशी हमी नसते, आणि ती नसणं गरजेचंही आहे. पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि पहिलं बीटा मे महिन्यात. मधले महिने चुका पकडण्याचे. २०२२ मध्ये १५ व्या आवृत्तीत जेसॉन, म्हणजे माहिती मजकुरात लिहिण्याची एक पद्धत, हाताळणाऱ्या नव्या सोयी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत घातल्या होत्या. बीटा सुरू असताना त्यांच्या बांधणीतले दोष पुढे आले, आणि चौथ्या बीटाच्या वेळी त्या चक्क काढून घेतल्या गेल्या. १५ चा अखेरचा कॅटलॉग क्रमांक २०२२०९०६१ आहे, म्हणजे ६ सप्टेंबर. पक्की आवृत्ती आली १३ ऑक्टोबरला. त्या सोयींपैकी काही १६ मध्ये परतल्या, जेसॉनमधून थेट टेबल करून देणारी सोय १७ मध्ये आली. तयार झालेलं काम असं मागे घेण्याला धैर्य लागतं, आणि त्यासाठी वेळेत कुणीतरी ते वापरून बघितलेलं असावं लागतं.

आता पॅकेजकडे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर पॅकेजच्या नावापुढे १७~बीटा१ असं काहीतरी दिसतं. मधली ती लाटेसारखी खूण, टिल्ड, मला फार आवडते. एरवी ‘१७’ आणि ‘१७बीटा१’ यांत मागे शेपूट असलेलं मोठं ठरलं असतं. पण डेबियनचा नियम असा, की टिल्ड कशाच्याही आधी येतो, अगदी ‘काहीच नाही’ याच्याही आधी. त्यामुळे १७~बीटा१ हे १७ पेक्षा लहान. इंग्रजी वर्णमालेत ‘बी’ ‘आर’च्या आधी, म्हणून बीटा आधी आणि आरसी, म्हणजे जवळपास पक्कं झालेलं, त्यानंतर. सगळी रांग एका खुणेने लागते.

दुसरी तजवीज गुणांची. ‘एपीटी’ हा पॅकेज आणणारा प्रोग्राम प्रत्येक भांडाराला गुण देतो. नेहमीच्या भांडाराला ५००, डेबियनच्या ‘एक्स्पेरिमेंटल’ला फक्त १. आपण नाव घेऊन मागितल्याशिवाय तिथून काही येत नाही. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या भांडारात बीटासाठी वेगळा कप्पा असतो आणि यादीत त्या आवृत्तीचा आकडा लिहिल्यावरच तो उघडतो. मात्र तो उघडताना एक ध्यानात ठेवा. सर्व्हरच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदतात, पण सर्व्हरशी बोलणारी ‘लिबपीक्यू’ ही लायब्ररी यंत्रावर एकच असते. तीही बीटाची होऊ शकते, आणि मग तिच्यावर चालणारे बाकीचे प्रोग्राम नकळत बीटावर जातात. कामाच्या यंत्रावर हा कप्पा उघडू नये असं माझं ठाम मत आहे. जुना लॅपटॉप घ्या, नाहीतर व्हर्च्युअल मशीन किंवा डॉकर, म्हणजे यंत्राच्या आतच वेगळा कोपरा करून देणारी साधनं.

माझा मूळ डेटा १६ मध्ये, ५४३२ पोर्टवर शाबूत होता; बीटा शेजारी ५४३३ वर चालायचं. १७ च्या ‘पीजी डंप’ने, म्हणजे डेटा बाहेर काढून देणाऱ्या प्रोग्रामने, १६ मधला डेटा काढला. नवा डंप जुना सर्व्हर वाचतो; जुना डंप नव्या सर्व्हरला हात लावायला नकार देतो. बीटाचं क्लस्टर, म्हणजे त्याचा सगळा डेटासाठा, पुसून नवं केलं, डेटा भरला आणि पुन्हा रोजच्या क्वेऱ्या चालवून वेळा टिपत बसलो.

५ सप्टेंबरला आरसी १ आलं, २६ सप्टेंबरला पक्कं १७. अपग्रेडची यादी पाहिली, तर या वेळी नावात टिल्ड नव्हता. होकार दिला, सर्व्हर थांबला, परत उठला. कॅटलॉग क्रमांक तपासला: २०२४०६२८१. ऑगस्टमध्ये भरलेली टेबलं जशीच्या तशी उघडली.