हंसराज आणि स्वस्त फोनचं कुलूप

२०१८च्या पावसाळ्यात माझ्या मावशीचा फोन बसमध्ये हरवला. साडेचार हजारांचा फोन, वर्षभर वापरलेला. फोन गेल्याचं तिला फारसं वाटलं नाही. ती बचत गटाची सचिव आहे आणि गटातल्या बारा बायकांच्या पासबुकांचे, आधार कार्डांचे फोटो त्या फोनमध्ये होते. तिचा जीव अडकला होता तो त्यांच्यात. "पॅटर्न टाकलेला होता ना रे, मग कोण उघडणार?" असं ती दोन दिवस विचारत होती. मी "हो" म्हणत राहिलो. ते खरं नव्हतं आणि मला ते तेव्हाही माहीत होतं.

स्क्रीनवरचा पॅटर्न म्हणजे घराच्या दाराची कडी. फोनमधला मजकूर राहतो आतल्या स्टोरेज चिपवर. तो तिथे जसाच्या तसा लिहिलेला असेल, तर ज्याला ते काम येतं तो माणूस फोन संगणकाला जोडून, पॅटर्नला हातही न लावता, चिपची पूर्ण प्रत काढू शकतो. मजकूर वाचवायचा तर तो चिपवर लिहितानाच सांकेतिक करून लिहावा लागतो आणि दर वेळी वाचताना उलगडावा लागतो. यालाच स्टोरेज एन्क्रिप्शन म्हणतात. महागड्या फोनमध्ये ते तेव्हाही होतं. मावशीच्या फोनमध्ये नव्हतं. बनवणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला, असं त्याचं कारण नाही. कारण होतं फोनच्या प्रोसेसरमध्ये.

मजकूर असा सांकेतिक करण्याची जगभर वापरली जाणारी कूटपद्धत म्हणजे एईएस. जोआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या दोघांनी ती रचली आणि २००१मध्ये ती अमेरिकेचं अधिकृत मानक झाली. बँका, वेबसाइट्स, हार्ड डिस्क, सगळीकडे तीच. इतकी सर्वत्र आहे म्हणून मोठ्या प्रोसेसरांच्या सिलिकॉनमध्येच तिच्यासाठी खास आज्ञा कोरलेल्या असतात. अशा चिपवर एईएस इतकं झपाट्याने चालतं की वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पण चार-पाच हजारांच्या फोनमध्ये त्या काळी बहुधा एआरएम या कंपनीने रचलेला कॉर्टेक्स-ए७ हा प्रोसेसरचा गाभा असे. स्वस्त, बॅटरीला हलका, कामाला प्रामाणिक. त्याच्यात एईएसच्या खास आज्ञा नाहीत. तिथे एईएस साध्या आज्ञांनी, पायरी पायरीने करावं लागतं. एईएसच्या मुळाशी २५६ नोंदींचा एक तक्ता आहे आणि मजकुरातला प्रत्येक बाईट त्या तक्त्यात बघून बदलायचा असतो, तोही दहा ते चौदा फेऱ्यांत. पाढे पाठ नसलेल्या मुलाने दर गुणाकाराला उजळणीचं पुस्तक उघडावं, तसं हे चालतं. शिवाय त्यात एक धोका आहे. तक्त्याचा कुठला भाग नुकताच वापरला गेला, यावर पुढच्या वाचनाला लागणारा वेळ किंचित बदलतो आणि तो फरक मोजून किल्लीचा, म्हणजे मजकूर उलगडणाऱ्या गुप्त आकड्याचा, अंदाज बांधता येतो. तो धोका टाळायचा, तर तक्ता सोडून आणखी वळसे घेऊन गणित करावं लागतं.

हा वळसा किती महाग पडतो, ते आकड्यांत बघू. असा स्वस्त गाभा १.३ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला १३० कोटी ठोके. एखादं ॲप उघडताना चिपवरून १०० मेगाबाईट, म्हणजे १० कोटी बाईट वाचायचे आहेत असं समजा. एका बाईटमागे पन्नासेक ठोके लागले, तर नुसतं उलगडायलाच एका गाभ्याची चार सेकंद जातात. आधीच अडखळणाऱ्या फोनवर हे चार सेकंद कुणी सोसणार नाही.

अँड्रॉइडच्या नियमांनाही हे मान्य करावं लागलं होतं. २०१४मध्ये गूगलने नवे फोन मुळातच एन्क्रिप्ट होऊन येतील असं जाहीर केलं आणि थोड्याच महिन्यांत वेगाच्या तक्रारींमुळे ती सक्ती सैल केली. २०१५च्या अँड्रॉइड ६पासून सक्ती परत आली, पण एका सवलतीसह: ज्या फोनवर एईएसचा वेग सेकंदाला ५० मेबीबाईटच्या (सुमारे ५२ मेगाबाईटच्या) वर जात नाही, त्यांना माफी. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय समंजस होता. त्याचा अर्थ मात्र असा होता, की ज्यांना महाग फोन परवडतो त्यांच्या फोटोंना कुलूप आणि माझ्या मावशीच्या बारा बायकांच्या पासबुकांना नाही. मला ही गोष्ट आजही लागते. कारण ज्याच्याकडे एकच फोन असतो, संगणक नसतो, कपाटात फायली नसतात, त्याचा सगळा कागदपत्रांचा संसार त्या एकाच फोनमध्ये असतो.

मग एईएसपेक्षा हलकी पद्धत का नको? गूगलच्या अभियंत्यांनी आधी तेच केलं. 'स्पेक' नावाची एक अतिशय हलकी कूटपद्धत २०१३पासून उपलब्ध होती. छोट्या प्रोसेसरवर ती सुरेख धावे. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्सच्या, २०१८च्या जूनमध्ये आलेल्या ४.१७ आवृत्तीत ती दाखलही झाली. अडचण अशी, की ती रचली होती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने, आणि याच संस्थेने पुढे रेटलेल्या यादृच्छिक संख्यांच्या एका मानकात चोरदार असल्याचा संशय २०१३मध्ये फार बळावला होता. स्पेकमध्ये तसं काही कुणाला सापडलं नव्हतं, आजवर ती कुणी फोडलेलीही नाही. पण आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या बैठकांत अमेरिकेच्या मित्रदेशांचे तज्ज्ञसुद्धा अडून बसले आणि २०१८मध्ये तिथे स्पेक नाकारली गेली. लिनक्सच्या जगातही विरोध झाला, गूगलने तिचा नाद सोडला आणि ती लिनक्समधून काढून टाकण्यात आली. मला हा शेवट योग्य वाटतो. कोट्यवधी गरीब माणसांच्या फोनला कुलूप लावायचं, तर ते बनवणाऱ्याबद्दल शंका नसावी. परवडत नाही म्हणून संशयाचं कुलूप घ्या, असं त्यांना सांगता येत नाही.

दुसरं एक नाव समोरच होतं: चाचा. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने २००८मध्ये ती मांडली. ती फक्त तीन कृती करते: बेरीज, बिट फिरवणं आणि एक्सॉर, म्हणजे दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०. तक्ता नाही, पुस्तक उघडणं नाही. या तिन्ही कृती अगदी स्वस्त प्रोसेसरही एकेका ठोक्यात करतो आणि त्यांना लागणारा वेळ आकड्यांवर अवलंबून नसतो, म्हणून वेळ मोजून काही फुटत नाही.

एवढ्याशा साध्या कृतींतून सुरक्षितता येते कुठून? गंमत आहे हातच्यात. सात अधिक आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. तो हातचा शेजारच्या घरात जातो, तिथली बेरीज बदलतो, तिथून कदाचित आणखी पुढे सरकतो. एक्सॉरमध्ये हातचा नसतोच, प्रत्येक घर स्वतंत्र. हातचा असलेली आणि नसलेली गणितं आलटून पालटून केली आणि मध्ये मध्ये अंकांच्या जागा फिरवल्या, तर काही फेऱ्यांनंतर कुठला बदल कुठून आला ते उलटं शोधून काढण्याचा मार्ग उरत नाही. मूळ पद्धतीत अशा वीस फेऱ्या आहेत. त्यातल्या सातच फेऱ्यांपर्यंत हल्ले पोहोचले होते, म्हणून फोनसाठी बारा फेऱ्यांची आवृत्ती निवडली गेली.

वेबसाइटसाठी ही पद्धत तेव्हा रुळलेलीच होती. ती तशीच उचलून स्टोरेजवर का लावता येत नाही, हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे.

चाचा आधी किल्लीपासून अंकांचा एक लांबलचक मुखवटा तयार करते आणि तो मजकुरावर चढवते. तोच मुखवटा दोनदा वापरला तर घात होतो. डब्यासकट तूप तोललं, मग त्याच डब्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा तोललं. डब्याचं वजन मला कुणी सांगितलं नाही, पण दोन्ही वजनांची वजाबाकी केली की डबा आपोआप बाहेर पडतो आणि तुपातला फरक हातात येतो. मुखवट्याचंही तसंच होतं. म्हणून इंटरनेटवर दर निरोपासोबत एक नवा क्रमांक जोडतात, म्हणजे दर वेळी डबा नवा.

स्टोरेजवर हा क्रमांक ठेवायला जागाच नसते. तिथले कप्पे ठरलेल्या मापाचे असतात, सहसा ४०९६ बाईटचे, आणि ४०९६ बाईटच्या मजकुराचं सांकेतिक रूपही ४०९६ बाईटमध्येच बसावं लागतं. एक बाईट जास्त झाला तरी सगळी मांडणी विस्कटते. आणि फोनमधली फ्लॅश मेमरी जुना मजकूर लगेच पुसत नाही. नवा दुसरीकडे लिहिते, जुना काही काळ पडून राहतो. म्हणजे एकाच कप्प्याची कालची आणि आजची प्रत चोराला एकदमच मिळू शकते.

गूगलचे पॉल क्राउली आणि एरिक बिगर्स यांनी २०१८च्या अखेरीस प्रसिद्ध केलेलं उत्तर मला फार आवडतं. नवा क्रमांक ठेवायला जागा नाही ना, मग तो मजकुरातूनच काढायचा! ४०९६ बाईटचे दोन भाग करा: ४०८०चा मोठा आणि १६चा छोटा. मोठ्या भागाचा गणिती गोषवारा काढून तो छोट्या भागात मिळवा. आता त्या १६ बाईटांत पूर्ण कप्प्याची छाया उतरली. मोठ्या भागात कुठेही एक अक्षर बदललं, तर हे १६ बाईट बदलणार. आता फक्त या १६ बाईटांवर, एकदाच, एईएस चालवा. जे निघेल तोच क्रमांक चाचाला द्या आणि तिच्या मुखवट्याने मोठा भाग झाका. शेवटी झाकलेल्या मोठ्या भागाचा पुन्हा गोषवारा काढून तो छोट्यातून वजा करा. जागा तेवढीच, आणि किल्ली हाताशी असेल तर याच पायऱ्या उलट्या चालून मूळ मजकूर मिळतो. कप्प्याचा क्रमांकही गोषवाऱ्यात मिसळलेला असल्यामुळे एकच फोटो दोन ठिकाणी ठेवला तरी दोन्हीकडे तो वेगळा दिसतो.

महागडं एईएस ४०९६ बाईटांमागे जेमतेम एकदा, बाकी सगळं हलक्या गणितावर. कॉर्टेक्स-ए७वर हा हिशेब बाईटमागे १०.६ ठोक्यांचा येतो, एईएसच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा पाचेक पटींनी वेगवान. मघाचं १०० मेगाबाईटचं ॲप आता चार सेकंदांऐवजी सुमारे ०.८ सेकंदात उलगडतं.

या पद्धतीला एक जास्तीचा गुणही मिळाला आहे. एईएसची डिस्कवरची प्रचलित पद्धत १६-१६ बाईटांचे तुकडे सुटे हाताळते. मजकुरात एक अक्षर बदललं तर तेवढाच तुकडा बदलतो आणि दोन प्रती ताडून पाहणाऱ्याला नेमका बदल कुठे झाला ते कळतं. इथे मात्र एक अक्षर बदललं की पूर्ण कप्पा ओळखू न येण्याइतका बदलतो. म्हणजे या एका बाबतीत गरिबाच्या फोनचं कुलूप श्रीमंताच्या फोनपेक्षा सरस ठरलं. याच मंडळींनी २०२१मध्ये एईएसच्या खास आज्ञा असलेल्या चिपसाठीही याच जातीची पद्धत मांडली.

२०१९च्या फेब्रुवारीत गूगलने ही पद्धत जाहीर केली, मार्चमध्ये ती लिनक्स ५.०मध्ये आली, आणि अँड्रॉइड १०पासून नव्या फोनांना एन्क्रिप्शनमधून मिळणारी माफी संपली. चिपमध्ये एईएसच्या आज्ञा असतील तर एईएस वापरा, नसतील तर ही. निवडीचा नियम एवढाच. एकदा निवडल्यावर मात्र ती बदलता येत नाही, कारण सगळा मजकूर त्याच पद्धतीने लिहिला जातो. म्हणून हे फोन कारखान्यातून निघायच्या आधीच ठरवावं लागतं.

पद्धतीचं नाव 'एडिअँटम'. ही नेच्याची एक प्रजाती आहे. फुलापानांच्या जुन्या युरोपीय सांकेतिक भाषेत ती प्रामाणिकपणाचं आणि गुप्तता राखण्याचं चिन्ह मानली जाई. आपल्याकडे हिलाच हंसराज म्हणतात. श्रावणात सह्याद्रीतल्या कुठल्याही ओल्या दरडीवर किंवा जुन्या विहिरीच्या दगडी बांधकामात काळ्या, केसासारख्या देठांवर तिची पंख्यासारखी पानं डोलत असतात. पाणी टाकलं तर पानावर थेंब गोळा होतो आणि घरंगळतो, पान भिजत नाही. एडिअँटमचा मूळ ग्रीक अर्थही 'न भिजणारं' असाच आहे.

ही पद्धत काय करत नाही, तेही सांगायला हवं. फोन उघडा असताना तो हिसकावला गेला तर तिचा उपयोग नाही. कुणी चिपवरचा सांकेतिक मजकूर बदलून ठेवला, तर तो बदलला आहे हे ती ओळखत नाही. त्यासाठी कप्प्यात खूणगाठ बांधावी लागते आणि तिला जागा नाही. किल्ली तयार होते तुमच्या पिनमधून आणि फोनच्या हार्डवेअरमध्ये दडवलेल्या गुपितातून. पिनच नसेल, तर कुलपाला किल्ली लटकलेली.

मावशीने नंतर नवा फोन घेतला, तोही स्वस्तातलाच, अँड्रॉइड १०चा. एकदा तो बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि लगेच माझा फोन गेला. तिला स्क्रीनवर नुसता नंबर दिसला, नाव नाही. "सगळे नंबर गेले वाटतं रे," ती घाबरून म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, पिन टाक." तिने सहा आकडे टाकले. मी पुन्हा फोन लावला तेव्हा तिने माझ्या नावाने हाक मारूनच उचलला. पिन पडेपर्यंत तिची नावांची यादी फोनलासुद्धा वाचता येत नव्हती.