बॅलेत तिशीला सगळं संपतं? एक खुलासा

कोल्हापुरात राजारामपुरीत मुलींना नृत्यवर्गाला सोडायला येणाऱ्या पालकांकडून मी हे वर्षानुवर्षं ऐकतेय: "बॅलेत तिशीला सगळं संपतं. तोवर मुख्य नर्तिका झाली नाही, तर तिच्यात दमच नव्हता." बॅले या युरोपीय नृत्यप्रकाराबद्दलचे हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

वयाचं लगेच सांगते. पॅरिस ऑपेरा बॅले या नृत्यसंस्थेत निवृत्तीचं वय ४२ आहे. ब्रिटिश बॅले नर्तिका मार्गो फाँटेन १९६२ मध्ये नर्तक रुडॉल्फ नुरेयेवबरोबर नाचायला लागली ती ४२व्या वर्षी, आणि पुढेही कित्येक वर्षं नाचली. दुखापतींमुळे अनेकींना लवकर थांबावं लागतं, हे मात्र खरं.

दुसरा समज जास्त घातक वाटतो. खासबाग मैदानात कुस्तीचा निकाल लाल मातीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लागतो. बॅले कंपनीत तसं नसतं. कोणाला कोणती भूमिका, कोणाला बढती, हे बहुतेक ठिकाणी कलासंचालक ठरवतात. संचालक बदलला की आवडनिवड बदलते. काल पुढे असलेली आज मागच्या रांगेत जाऊ शकते. पॅरिसमध्ये खालच्या पदांसाठी परीक्षकांपुढे स्पर्धा घेण्याची जुनी प्रथा आहे, पण तिथंही सर्वोच्च 'एत्वाल' हे पद स्पर्धेतून नव्हे, नेमणुकीनंच मिळतं. अमेरिकन बॅले थिएटर या कंपनीत मिस्टी कोपलँड २००७ मध्ये सोलोइस्ट, म्हणजे मुख्य नर्तिकेच्या खालच्या पदावर, पोचली. मुख्य नर्तिका व्हायला २०१५ उजाडलं. तेव्हा ती ३२ वर्षांची होती. ती आठ वर्षं तिच्यात दम नव्हता, असं कोण म्हणेल?

आणि समूहात नाचणाऱ्यांना 'राहिलेल्या' म्हणू नका. 'स्वान लेक' या बॅलेतल्या हंसिणींची रांग एका श्वासात हलते, ती त्यांच्याच जोरावर.