बांधकाम कुठवर आलं? पी-टू-पी कर्ज देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी आहे. तुमच्यापैकी अनेकांनी पी-टू-पी प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे बँकेऐवजी सामान्य माणसांचे पैसे थेट कर्जदाराला देणाऱ्या संकेतस्थळावरून, घरबांधणीला कर्ज दिलं आहे. कुणी साध्या बचतीतून, कुणी एप्रिल २०१६ पासून सुरू झालेल्या इनोव्हेटिव्ह फायनान्स आयसा या करमुक्त खात्यातून. कर्ज देण्याआधी सगळे कागद बारकाईने वाचले जातात. पैसे गेल्यावर मात्र अधूनमधून एक ई-मेल येतो, त्यात दोन फोटो आणि ‘काम समाधानकारक सुरू आहे’ एवढं एक वाक्य असतं. ते वाचून आपण निश्चिंत होतो. खरं लक्ष द्यायची वेळ तिथूनच सुरू होते.

बांधकाम खर्चाचा हिशेब करणं आणि साइटची पाहणी करणं हे आमचं काम. कुठल्या प्लॅटफॉर्मवर पैसे लावावेत, हा सल्ला आम्ही देत नाही. त्यासाठी एफसीएची (ब्रिटनच्या वित्त-नियामक संस्थेची) परवानगी असलेल्या सल्लागाराकडेच जा. दिलेल्या पैशाचं जागेवर काय झालं, हे कसं ओळखायचं ते मात्र आम्ही सांगू शकतो. खालची माहिती इंग्लंड आणि वेल्सची आहे. स्कॉटलंडमधली जमीन-नोंदणी आणि तारण यांचे नियम वेगळे आहेत.

पैसे कसे सुटतात

बांधकामाचं कर्ज एकरकमी दिलं जात नाही. जमिनीसाठीचा भाग सुरुवातीला सुटतो आणि बांधकामाचा भाग हप्त्यांनी. डेव्हलपरने आधी काम करायचं, मग मॉनिटरिंग सर्व्हेअर जागेवर येऊन ते मोजतो आणि झालेल्या कामापुरती रक्कम मंजूर करतो. कामाच्या मागे पैसा चालायला हवा, हे या पद्धतीचं मर्म. ज्या कर्जात पैसा कामाच्या पुढे धावतो, तिथे काहीतरी पाणी मुरतंय असं समजा. त्यामुळे पहिला प्रश्न हा, की सर्व्हेअर कोणाचा? तो कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने नेमलेला असावा आणि अहवालाची जबाबदारी त्यांच्याप्रति लेखी स्वीकारलेली असावी. डेव्हलपरच्या स्वतःच्या आर्किटेक्टने दिलेला दाखला वाचायला हरकत नाही, पण त्यावर हप्ता सुटू नये.

‘व्याज तर दर महिन्याला येतंय’

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकतो की त्यावर वेगळं लिहायलाच हवं. बांधकाम पूर्ण होऊन घरं विकली जाईपर्यंत अशा प्रकल्पाला उत्पन्नच नसतं. मग व्याज येतं कुठून? पुष्कळ कर्जांत मुदतभराचं व्याज पहिल्याच दिवशी कर्जाच्या रकमेतून बाजूला काढून ठेवलेलं असतं आणि तेच दर महिन्याला तुमच्या खात्यात जमा होतं. तुमचाच पैसा तुम्हाला परत मिळत असतो. साइट सहा महिने बंद पडलेली असली तरी असं व्याज वेळेवर येत राहील आणि बाजूला काढलेली रक्कम संपली की एकदम थांबेल. काही कर्जांत व्याज साठत जातं आणि शेवटी मुद्दलाबरोबर मिळतं. तिथे निदान ही गफलत होत नाही. आपल्या कर्जात यापैकी कोणता प्रकार आहे, ते आजच करारात पाहून घ्या.

टक्के विचारू नका, उरलेला खर्च विचारा

या पत्रकातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा. ‘७० टक्के काम पूर्ण’ असं अहवालात लिहिलेलं असतं. हे ७० टक्के कशाचे? बहुतेक वेळा बजेटपैकी किती पैसे खर्च झाले, त्याचे. काम किती झालं, हे त्यातून कळत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. केंटमध्ये सहा घरं बांधायची आहेत. बांधकामाचं बजेट १० लाख पौंड आणि अडीअडचणीसाठी कंटिंजन्सी ५० हजार, म्हणजे बांधकामासाठी एकूण साडेदहा लाख. आठव्या महिन्याचा अहवाल सांगतो की ७ लाख खर्च झाले, काम ७० टक्के झालं. चित्र छान दिसतं. आता सर्व्हेअरला विचारायचं, की घरांच्या चाव्या हातात येईपर्यंत अजून किती खर्च आहे? तो मोजून सांगतो, ४ लाख ६० हजार. शिल्लक किती? साडेतीन लाख. म्हणजे १ लाख १० हजारांची तूट. एकूण खर्च ११ लाख ६० हजारांवर जाणार आहे आणि त्या हिशेबाने काम ७० टक्के नसून जेमतेम ६० टक्के झालं आहे.

अशी तूट येते कुठून? दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी चिकणमाती आहे. ती पाणी शोषून फुगते, सुकली की आकसते, आणि जवळ मोठं झाड असेल तर हा खेळ आणखी खोलवर चालतो. तिथे पाया ठरवल्यापेक्षा कितीतरी खोल न्यावा लागतो. खोदकाम सुरू झाल्यावर हे लक्षात येतं, मग कंटिंजन्सी पहिल्या दोन महिन्यांतच संपते आणि पुढच्या प्रत्येक अडचणीला पैसा उरत नाही. म्हणून अहवाल हाती आला की आम्ही आधी कंटिंजन्सी किती उरली ते बघतो. छप्पर चढण्याआधीच ती शून्यावर आली असेल, तर ते कर्ज काळजीचं आहे.

तूट निघाली की लगेच विचारायचं, की ती कोण भरणार? डेव्हलपरने स्वतःचे पैसे आधी टाकून मगच पुढचा हप्ता घ्यायचा, हा योग्य मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे प्लॅटफॉर्म नवं टॉप-अप कर्ज काढतो. तेव्हा त्या नव्या कर्जाची परतफेड तुमच्या आधी होणार की नंतर, हे वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

याच उदाहरणात तोटा सोसायला उशी किती उरते तेही पाहा. जमिनीचे ४ लाख, बांधकामाचे साडेदहा, व्याज आणि शुल्क २ लाख, मिळून कर्ज साडेसोळा लाख. सहा घरं प्रत्येकी ४ लाखांना विकली तर २४ लाख येतील. याला इथे जीडीव्ही म्हणतात. कर्ज त्याच्या ६९ टक्के, म्हणजे बरीच जागा आहे असं वाटतं. आता १ लाख १० हजारांची तूट कर्जातूनच भागवली, सहा महिने उशीर होऊन वार्षिक १० टक्क्यांनी आणखी सुमारे ८० हजार व्याज चढलं आणि भाव १० टक्के उतरले, तर १८ लाख ४० हजारांचं कर्ज २१ लाख ६० हजारांच्या घरांवर उभं राहतं. प्रमाण ६९ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेलं. एजंट आणि वकिलांचा खर्च यातून जायचाच आहे. यातली एकही गोष्ट असाधारण नाही.

फोटो कसे पाहावेत

फोटो दरवेळी त्याच कोपऱ्यातून घेतलेले असावेत आणि आधीच्या महिन्याचे शेजारी ठेवून पाहावेत. रस्त्याकडची दर्शनी भिंत सगळेच दाखवतात. मागच्या बाजूचेही फोटो पाठवायला सांगा. छपराची कौलं परांचीवर रचून ठेवलेली आहेत की बसवली आहेत? खिडक्या लागल्या का? इमारत वारा-पावसापासून बंद झाल्याशिवाय आतलं प्लास्टर आणि वायरिंग पुढे सरकत नाही.

आणखी एक खूण जरूर शोधा. परांचीच्या शिडीपाशी बहुधा एक हिरवी पट्टी लावलेली असते. तिच्यावर शेवटच्या तपासणीची तारीख आणि सही असते. २००५ च्या वर्क अॅट हाइट नियमांनुसार परांची वापरात असेपर्यंत दर सात दिवसांच्या आत ती तपासावी लागते. फोटो मोठा करून ती तारीख वाचा. मार्चच्या अहवालातल्या फोटोत पट्टीवर जानेवारीची तारीख असेल, तर त्या परांचीवर दोन महिने कुणी चढलेलं नसावं किंवा फोटोच जुना असावा. दोन्हींचं उत्तर मागायलाच हवं.

हिवाळ्यातल्या संथपणाला मात्र समजून घ्या. तापमान ३ अंशांच्या खाली उतरू लागलं की गवंडीकाम थांबवावं लागतं; तशा थंडीत लावलेला मसाला नीट धरत नाही. डिसेंबर-जानेवारीत भिंती तितक्याच उंचीच्या राहिल्या, तर तेवढ्यावरून डेव्हलपरला दोष देऊ नये.

लाकडी सांगाडा किंवा किचन कारखान्यात तयार होत असेल आणि त्यासाठी हप्ता मागितला असेल, तर मालाची मालकी लेखी हस्तांतरित झाली आहे का, हे विचारा. नाहीतर कारखाना बंद पडला की माल तिकडे आणि पैसाही तिकडे.

घरबसल्या काय तपासता येतं

कर्ज घेणारी कंपनी बहुधा त्या एका प्रकल्पासाठीच काढलेली असते. कंपनीज हाउसच्या (सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर तिची सगळी कागदपत्रं फुकट पाहता येतात आणि ‘फॉलो’ केलं की नवीन कागद दाखल होताच ई-मेल येतो. तारणावरचा हक्क, म्हणजे चार्ज, तिथे २१ दिवसांत नोंदवावा लागतो. तसा तो नोंदला नाही, तर कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटरसमोर (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता वाटणाऱ्यासमोर) तो टिकत नाही. त्यामुळे कर्ज सुटल्यावर महिन्याभरात ही नोंद पाहाच. पुढे मग नवा दुसरा चार्ज, थकलेले हिशेब, राजीनामा दिलेला संचालक किंवा कंपनी रद्द करण्याचा प्रस्ताव दिसला तर सावध व्हा. कंपनी बंद करण्याचे अर्ज गॅझेटमध्ये जाहीर होतात, तेही शोधता येतात.

लँड रजिस्ट्रीकडून त्या जागेचा टायटल रजिस्टर (मालकी आणि तारणाचा उतारा) मागवता येतो. डिसेंबर २०२४ पासून त्याला ७ पौंड पडतात. त्यातल्या शेवटच्या भागात कोणाचा चार्ज कोणत्या क्रमाने आहे ते असतं. तिथे तुमचं नाव नसेल, तुमच्या वतीने तारण सांभाळणाऱ्या ट्रस्टी कंपनीचं असेल, आणि ते कराराशी जुळायला हवं. जागेच्या नोंदीत हालचाल झाली की कळवणारी प्रॉपर्टी अलर्ट ही त्यांची सेवा मोफत आहे, आणि जागा स्वतःच्या मालकीची नसली तरी वापरता येते.

कौन्सिलच्या प्लॅनिंगच्या पानावर परवानगीच्या अटी दिसतात. काही अटी काम सुरू करण्याआधीच पूर्ण कराव्या लागतात. परवानगीची मुदतही बघा. सर्वसाधारणपणे इंग्लंडमध्ये तीन, तर वेल्समध्ये पाच वर्षांत काम सुरू व्हावं लागतं.

शेवटचा टप्पा

भिंती-छप्पर झालं की ‘आता काय, झालंच’ असं वाटतं. खरं तर सगळ्यात जास्त महिने इथेच जातात. वीज-पाण्याची जोडणी, रस्त्याचं काम, बिल्डिंग कंट्रोलचा पूर्णत्वाचा दाखला, आणि नव्या घराची दहा वर्षांची वॉरंटी. एनएचबीसीसारख्या संस्थेची वॉरंटी नसेल तर बँका खरेदीदाराला मॉर्गेज द्यायला बहुधा तयार होत नाहीत; मग घर विकलं जात नाही आणि तुमचं कर्ज फिटत नाही. वॉरंटी देणाऱ्यांना पाया, ड्रेनेज अशा टप्प्यांवर काम उघडं असताना पाहायचं असतं. माती लोटल्यावर ते पाहता येत नाही. त्यामुळे वॉरंटीची नोंदणी झाली का, हा प्रश्न दुसऱ्या महिन्यात विचारायचा, चौदाव्या नाही.

प्लॅटफॉर्मवरही नजर हवी

मे २०१९ मध्ये लेंडी हा प्लॅटफॉर्म बुडून प्रशासकांच्या ताब्यात गेला, तेव्हा गुंतवणूकदारांचे १६ कोटी पौंडांहून अधिक येणं बाकी होतं. ही कंपनी काउझच्या नौकाशर्यतीची प्रायोजक होती. नाव सगळीकडे दिसत होतं. त्याआधी कोलॅटरल आणि त्याच वर्षी पुढे फंडिंगसिक्युअर हेही प्लॅटफॉर्म कोसळले. पी-टू-पी कर्ज बुडालं तर बँकठेवीसारखं एफएससीएसचं (बँक बुडाल्यास ठेवीदारांना भरपाई देणाऱ्या योजनेचं) संरक्षण नाही, हे कृपया घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. एफसीएने ९ डिसेंबर २०१९ पासून नियम कडक केले. सल्ल्याविना येणाऱ्या नवख्या गुंतवणूकदाराने आपल्या गुंतवणूकयोग्य मालमत्तेच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे अशा कर्जांत टाकू नयेत, अशी मर्यादा तेव्हा आली. ती मर्यादा आम्हाला मनापासून योग्य वाटते, अनुभवी माणसालाही.

मुदत उलटल्यावर प्लॅटफॉर्म ‘मुदतवाढ’ म्हणतो की ‘डिफॉल्ट’ म्हणतो, हेही नीट वाचा. घरं पूर्ण झालेली असून खरेदीदारांच्या वकिलांचं काम चालू असेल, तर मुदतवाढ शहाणपणाची असते. छप्परही नसताना तिसऱ्यांदा मुदत वाढवली जात असेल, तर तारण ताब्यात घेऊन विकणारा रिसीव्हर का नेमला नाही, याचं उत्तर लेखी मागा.

पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांसाठी

भारतातही असंच करता येईल का, असं बरेच जण विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ पासूनच्या नियमांनुसार तिथल्या पी-टू-पी प्लॅटफॉर्मवर फक्त विनातारण कर्ज चालतं, एका कर्जदाराला एका व्यक्तीकडून जास्तीत जास्त ५० हजार रुपये आणि मुदत कमाल ३६ महिने. म्हणजे जमीन तारण ठेवून बांधकामाला कर्ज देण्याचा हा प्रकार तिथे बसत नाही. तसं कुणी सुचवत असेल तर लांब राहा. महाराष्ट्रात घर घेणाऱ्यांचे ७० टक्के पैसे रेरा कायद्यानुसार वेगळ्या खात्यात राहतात आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर व सीए यांच्या दाखल्यांवरच निघतात. प्रकल्पाची माहितीही महारेराच्या संकेतस्थळावर दिसते. इथल्या पी-टू-पी प्रकल्पांची अशी सार्वजनिक नोंद नाही. म्हणूनच वरचा सगळा खटाटोप आपल्याला करावा लागतो.

आमच्याकडे येताना

कर्जाचा करार, मूळ मूल्यांकन, आजवरचे सगळे प्रगती अहवाल आणि जागेचा पत्ता घेऊन या. प्लॅटफॉर्मवरच्या पानांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवलेले असतील तर उत्तम. जुनी पानं नंतर बदललेली आम्ही पाहिली आहेत. आम्ही आधी अहवालावरून उरलेला खर्च आणि उरलेला पैसा मांडून देतो. साइटवर जायची गरज आहे का, हे त्यानंतर ठरतं, कारण प्रवासाचा आणि पाहणीचा खर्च तुमच्या रकमेला परवडायला हवा. एकाच कर्जात पैसे असलेल्या चार-पाच जणांनी मिळून पाहणी करून घेतली तर तो वाटून जातो. साइटच्या आत जायला डेव्हलपरची परवानगी लागते. ती नाकारली गेली तर रस्त्यावरून जे दिसतं तेवढंच अहवालात लिहितो आणि परवानगी नाकारल्याची नोंदही करतो.